पातेल्याच्या बुडाला घाम का येतो? (गळतं पातेलं, आग आणि पाणी)

कर्वेनगरची_मी | १२ डिसेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न वेडगळ वाटेल, पण घरात यावरून तीन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे टाकते.

मागच्या आठवड्यात तुळशीबागेतून स्टीलचं नवं पातेलं आणलं. सध्या सकाळी नळाचं पाणी गारठलेलं असतं. ते भरून पातेलं गॅसवर ठेवलं की मिनिटाभरात बुडाला बाहेरून थेंब धरतात. एखादा बर्नरवर पडून चर्र वाजतो. दोन-तीन मिनिटांनी सगळं आपोआप कोरडं. सासूबाई म्हणाल्या, गळकं पातेलं गळ्यात मारलं तुझ्या. मी ते घेऊन परत दुकानात गेले. दुकानदाराने पातेलं काठोकाठ भरलं, वर्तमानपत्रावर ठेवलं, मला दहा मिनिटं उभं केलं आणि कोरडा कागद हातात देऊन म्हणाला, "पातेलं गळत नाहीये. घरात दुसरं काही गळतंय का बघा."

घरी येऊन बघितलं तर जुन्या पातेल्यांनाही तसंच होतं, कधी लक्ष गेलं नव्हतं एवढंच. नवरा म्हणतो हवेतलं बाष्प, फ्रीजमधल्या बाटलीला धरतं तसं. पण तेच गार पाण्याचं पातेलं गॅस न पेटवता शेगडीवर ठेवलं तर थेंबसुद्धा धरत नाही. पेटवला की धरतो. म्हणजे आग लावल्यावर पाणी येतं? कोणी सांगू शकेल का?

फक्त_वाचक | रात्री ९:१८

दुकानदाराला साष्टांग नमस्कार कळवा.

खडूस_पेठकर | रात्री ९:२५

यजमानांचं बरोबर आहे. हवेतलं बाष्प. धागा संपला.

बर्नरवाला | रात्री १०:०५

पेठकर, संपला नाही. यजमानांना अर्धे गुण. गार बुडावर बाष्प निवतं हे खरं, पण ते बाष्प खोलीतल्या हवेतलं नसून ज्योतीतून आलेलं आहे. ताईंनी गॅस न पेटवता पातेलं ठेवून पाहिलं, तिथेच निकाल लागला. असा तुलनेचा प्रयोग करायचं भल्याभल्यांना सुचत नाही.

औद्योगिक बर्नरच्या धंद्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त. त्यामुळे लांबण लागेल, माफ करा.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेनच्या एका रेणूत ३ कार्बन आणि ८ हायड्रोजन, ब्युटेनच्या ४ कार्बन आणि १० हायड्रोजन. बाकी काही नाही. जळताना या रेणूची मोडतोड होते. प्रत्येक कार्बन दोन ऑक्सिजन घेऊन कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजन दोन-दोनच्या जोडीने एकेक ऑक्सिजन पकडून पाणी होतो. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे ५ रेणू लागतात, आणि निघतात कार्बन डायऑक्साइडचे ३ नि पाण्याचे ४. हेच पूर्ण ज्वलन. शाळेत "कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता" असं पाठ केलेलं असतं, पण त्यातलं पाणी कुणी कधी गंभीरपणे घेत नाही. वाफ डोळ्यांना दिसत नाही ना.

आता हिशोब. १४.२ किलोचा एक सिलिंडर पूर्ण जळला तर त्यातून सुमारे २२ लिटर पाणी तयार होतं. मोठी बादली भरून वर उरेल एवढं. ते सगळं वाफेच्या रूपात तुमच्या स्वयंपाकघरात येतं आणि खिडकीतून निघून जातं. त्यातले चार थेंब पातेल्याच्या गार बुडाला सापडतात, त्यावरून दुकानदाराशी भांडण.

आणि थेंब दोन-तीन मिनिटांनी जातात तेही ठरल्याप्रमाणेच. ज्योतीतून येणारी ही दमट हवा साधारण ५०-५५ अंशांच्या खाली निवली तरच तिच्यातलं पाणी सुटतं. पातेल्याचं बूड त्याहून तापलं की पाणी धरणार कुठे? आधीचंही उडून जातं. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट, म्हणून तेव्हा हे फारसं जाणवत नाही.

खडूस_पेठकर | रात्री १०:१९

२२ लिटर पाणी. बरं. आणि त्याशिवाय तो कार्बन डायऑक्साइड किती किलो?

बर्नरवाला | रात्री १०:२४

साधारण ४३ किलो.

खडूस_पेठकर | रात्री १०:२६

म्हणजे १४ किलोच्या सिलिंडरमधून ६५ किलो माल बाहेर पडतो. वा. साहेब, आम्ही रोज सिलिंडरचं वजन करून घेणारी माणसं. उरलेले ५१ किलो कोणी भरून दिले?

बर्नरवाला | रात्री १०:४८

हवेने. आणि बिल नाही लावलं.

खरंच, हाच मुद्दा माणसाला शेकडो वर्षं कळला नव्हता. लाकूड जळतं, मूठभर राख उरते, म्हणजे जळताना काहीतरी निघून जातं अशीच सगळ्यांची समजूत. त्या निघून जाणाऱ्या "काहीतरी"ला युरोपात फ्लॉजिस्टन असं नावही होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये लाव्हाझिए नावाचा माणूस बंद भांड्यात पदार्थ जाळून आधी-नंतरची वजनं काट्यावर करत बसला, आणि त्याला दिसलं की जळताना पदार्थ हवेतलं काहीतरी घेतो, वजन वाढतं. इंग्लंडमधल्या प्रीस्टलीने १७७४ साली जो वायू वेगळा केला होता तोच हा, त्याला ऑक्सिजन हे नाव लाव्हाझिएने दिलं. पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन जळून होतं, हेही त्याने १७८३ मध्ये मांडलं. म्हणजे तुमच्या पातेल्याच्या बुडाचं उत्तर तेव्हाचं आहे. पुढे १७९४ साली राज्यक्रांतीत त्याचा शिरच्छेद झाला. तो करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता म्हणून, त्या शिक्षेचा रसायनशास्त्राशी संबंध नव्हता.

तर पेठकर, ते ५१ किलो ऑक्सिजनचे. हवेत वजनाने ऑक्सिजन २३ टक्के, म्हणजे एका सिलिंडरला सुमारे २२० किलो हवा लागते. पुण्याच्या उंचीवर ती २०० घनमीटर भरेल. दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली घ्या, अशा सहा खोल्यांमधला सगळा ऑक्सिजन. आपण इंधनाचे पैसे मोजतो म्हणून आपल्याला वाटतं की गॅस जळतो. खरं तर गॅस आणि हवा दोन्ही मिळून जळतात, आणि त्यात हवेचा वाटा वजनाने पंधरापट.

खडूस_पेठकर | रात्री ११:०२

रात्री अकरा वाजता कॅल्क्युलेटर घेऊन बसलोय. आकडे जुळतायत. चूक काढता आली नाही याची खंत आहे.

आजी_ऑनलाईन | १३ डिसेंबर, सकाळी ६:३०

मला रसायनशास्त्र कळत नाही, जाळ कळतो. वय ७८. लग्न होऊन कसब्यात आले, तेव्हा वाड्यात मागच्या अंगाला बंब होता. तांबट आळीतूनच घेतलेला, तीन पिढ्या चालला. पहाटे पाचला सासरे पेटवायचे. आधी करवंट्या आणि नारळाची सोडणं, मग बाभळीचं लाकूड. पहिली पाच मिनिटं असा धूर की डोळे उघडवत नसत. पण एकदा का बंबाने ओढ घेतली की धूर गायब, आणि मधल्या नळकांड्यात नुसती धगधग. ओढ घेतली नाही की मला हाक यायची, "काल राख काढली नाहीस." खालचा राखेचा कप्पा उपसला की बंब तेवढ्यात ओढायला लागायचा. तेव्हा वाटायचं बंबालाही सासऱ्यांचा धाक आहे.

आम्हाला कोणी प्राणवायू शिकवला नव्हता. पण ओलं लाकूड धुमसतं, वाळकं पेट घेतं, जाळ ढणढणतो, निखारा रसरसतो आणि मधूनच चूल फुरफुरते, हे सगळे वेगवेगळे प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळी फुंकर लागते, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे. चूल फुरफुरली की पाहुणे येणार म्हणत. यायचेही. आता ते चुलीमुळे की वाडा मंडईच्या वाटेवर असल्यामुळे, देव जाणे.

माझी एक शंका. आम्ही घरी काजळ धरायचो. दिव्याच्या ज्योतीवर ताटली उपडी धरायची, जमलेली काजळी बोटाने काढायची, तुपात खलायची. ज्योतीत तर काळं काही दिसत नाही, चांगली पिवळी धमक असते. मग ताटलीला काळं लागतं ते कुठून?

बर्नरवाला | सकाळी ९:१५

आजी, नमस्कार करतो. तुमच्या पाच क्रियापदांत आमच्या दोन सेमिस्टर आहेत.

क्रमाने घेतो. लाकूड लाकूड म्हणून जळतच नाही. आधी त्यातलं पाणी उडतं. ते उडेपर्यंत लाकडाला तापता येत नाही, म्हणून ओलं लाकूड नुसतं धुमसतं. मग तापलेल्या लाकडातून वायू सुटतात, आणि ते वायू हवेत मिसळून जळतात, तो तुमचा जाळ. धूर म्हणजे तेच वायू, फक्त न जळता निसटलेले. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण. वायू सुटून संपले की उरतो तो कोळसा, तो ज्योतीशिवाय पृष्ठभागावर जळतो, तो निखारा. फुरफुरतं ते लाकडाच्या भेगेतून वायूची चिळकांडी जोरात सुटते म्हणून. पाहुण्यांबद्दल मला सांगता येणार नाही.

बंबाची ओढ म्हणजे धुराड्याची ओढ. नळकांड्यातली हवा तापून हलकी होते, वर जाते, आणि तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा जाळीतून आत येते. राखेचा कप्पा भरला तर खालची वाटच बंद. सासरे शंभर टक्के बरोबर होते (हे लिहिताना मला थोडं वाईट वाटतंय).

आता काजळ. हा प्रश्न मला कामावरच्या मुलाखतींत विचारायला आवडायचा, आणि नव्या इंजिनिअरांपैकी निम्मे अडायचे. दिव्याच्या ज्योतीत जी पिवळी धमक दिसते, ती काजळीच आहे! वातीतून वर चढलेल्या तेलाची वाफ होते, ज्योतीच्या पोटात हवा पुरत नाही, म्हणून वाफेतले कार्बनचे बारीक कण सुटे होतात. ते तापून लाल-पिवळे चमकतात, तोच उजेड. बाहेरच्या कडेला पोचेपर्यंत त्यांना ऑक्सिजन मिळतो आणि ते जळून कार्बन डायऑक्साइड होतात. तुम्ही मध्येच गार ताटली धरता. कण विझतात, जळायच्या आत पकडले जातात आणि काळे दिसतात. समईने उजेड द्यायचा तर तिला थोडं अपूर्णच जळावं लागतं. पूर्ण जळणाऱ्या निळ्या ज्योतीखाली पोथी वाचता येणार नाही.

कंदिलाची वात जास्त वर काढली की काच काजळते तेही हेच. तेल जास्त, हवा तेवढीच.

आजी_ऑनलाईन | सकाळी ९:४०

म्हणजे डोळ्यांत घातलं ते विझलेला उजेड. बरं वाटलं वाचून.

दुचाकीस्वार | सकाळी १०:१०

म्हणून थंडीत सकाळी गाडी सुरू केली की सायलेन्सरमधून पाणी ठिबकतं का? मी गॅरेजवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला पेट्रोलमध्ये भेसळ आहे, टाकी साफ करावी लागेल. पैसेही घेतले.

बर्नरवाला | सकाळी १०:३०

पैसे गेले. पेट्रोलही हायड्रोजन आणि कार्बनचंच. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी होतं, आणि सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. सायलेन्सर गार असेपर्यंत ते पाणी आत निवतं आणि ठिबकतं, तापला की वाफ होऊन जातं. पातेल्याचीच गोष्ट, फक्त आडवी. पीयूसी काढताना नळी आत घालून बघतात ते मात्र उलटं: कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं पेट्रोल किती निसटतंय. म्हणजे ज्वलन किती अपूर्ण आहे याची गुणपत्रिका.

पाइपवाले_काका | सकाळी ११:०५

आमच्याकडे गेल्या वर्षी पाइपचा गॅस आला. तेव्हापासून एक्झॉस्ट नसेल तर स्वयंपाकघराच्या फरशा जास्त ओलसर वाटतात असं बायको म्हणते. मी तिला वेड्यात काढलं होतं.

बर्नरवाला | सकाळी ११:२०

वहिनींची माफी मागा. पाइपमधून येतो तो मुख्यतः मिथेन, त्यात एका कार्बनला ४ हायड्रोजन. तेवढीच उष्णता मिळवायला मिथेन जाळलात तर पाणी सिलिंडरच्या गॅसपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त होतं, आणि कार्बन डायऑक्साइड सहाव्या हिश्शाने कमी.

आणि शेगडी जोडताना जेट बदलून दिले होते ना? पाइपच्या गॅसला जेटचं भोक मोठं लागतं. सिलिंडरची शेगडी तशीच पाइपला जोडली तर ज्योत मरतुकडी येते, आणि उलटं केलं तर गॅस जास्त, हवा कमी, ज्योत लांबलचक पिवळी आणि भांडी काळीकुट्ट.

कर्वेनगरची_मी | दुपारी २:१५

थांबा थांबा, भांडी काळी यावरून आठवलं. माझ्या डाव्या बर्नरवर ठेवलेलं भांडं खालून काळं होतं, उजव्यावर नाही. सिलिंडर एकच, मग असं का? डावीकडची ज्योत टोकाला पिवळी असते.

बर्नरवाला | दुपारी ३:००

मग दोष गॅसचा नाही, त्या बर्नरच्या हवेचा. शेगडीखाली बघा. जेटमधून गॅस वेगाने सुटतो आणि जाताना शेजारच्या उघड्या भोकातून हवा ओढून घेतो, नळीत दोघं मिसळतात. ही पहिली हवा. उरलेली हवा ज्योतीला वर बाहेरून मिळते. पहिली हवा कमी पडली की ज्योतीच्या पोटात काजळी सुटी होते आणि समईसारखा उजेड पडतो. फरक इतकाच की इथे काजळ तुमच्या पातेल्याला लागतं. हवेच्या भोकात कोळ्याची जाळी धरलेली असेल, झुरळाचं अंडं असेल, किंवा उतू गेलेलं दूध नळीत जाऊन वाळलं असेल. गॅस बंद करून बर्नर काढा, कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून भोकं ब्रशने घासा, पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. जेटमध्ये सुई खुपसू नका. भोक एकदा मोठं झालं की ते लहान होत नाही.

एक खुलासा. मधूनच नारिंगी ठिणग्या दिसल्या म्हणून घाबरू नका. मिठाचा कण, दूध, केर काढताना उडालेली धूळ, यांतल्या सोडियमचा तो रंग. पोटातून सलग पिवळी असेल तरच दुरुस्ती.

काळं बूड म्हणजे पैशाचंही नुकसान. चांगल्या शेगडीची कार्यक्षमता भारतीय मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असावी लागते. त्या हिशोबाने एक लिटर पाणी उकळायला १० ग्रॅमच्या आसपास गॅस पुरतो.

नववी_ब | दुपारी ४:४०

शिक्षिका आहे, म्हणून राहवत नाही. जळती मेणबत्ती ताटलीतल्या पाण्यात उभी करून वर ग्लास उपडा ठेवायचा, ज्योत विझते, पाणी वर चढतं, आणि "हवेतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन संपला" असं आपण सगळे शिकलो. तुमच्या हिशोबात हे बसत नाही ना? ऑक्सिजन गेला तरी त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आलाच की.

बर्नरवाला | संध्याकाळी ५:०५

बरोबर पकडलंत, बाई. पाणी चढतं ते मुख्यतः ग्लासमधली तापलेली हवा ज्योत विझल्यावर आकसते म्हणून. ग्लास खाली ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडतात ते मुलांना बघायला सांगा. शिवाय ज्योत विझते तेव्हा आत ऑक्सिजन संपलेला नसतोच. २१ टक्क्यांवरून १६-१७ वर आला की मेणबत्ती जीव सोडते.

हा १६ चा आकडा लक्षात ठेवा, मंडळी. एका कामाच्या गोष्टीसाठी लागेल.

रात्रपाळी_डॉक्टर | रात्री ८:३०

ती कामाची गोष्ट मीच सांगते बहुतेक. थंडी पडली की आमच्याकडे बाथरूममध्ये बेशुद्ध सापडलेले रुग्ण येतात. दार बंद, खिडकी बंद, आत गॅस गीझर. घरचे सांगतात "चक्कर आली असेल, रिकाम्या पोटी आंघोळीला गेली." कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण त्यात मुद्दाम वासाचं रसायन घातलेलं असतं. इथे गॅस गळतच नसतो. तो व्यवस्थित जळत असतो, म्हणून कोणालाच संशय येत नाही. डोकं जड, मळमळ, पाय लटपटणं, आणि उठून दार उघडायची बुद्धीही आधीच गेलेली असते.

बर्नरवाला | रात्री ९:१०

डॉक्टर, आभार. आता हिशोब मी करतो.

मध्यम गॅस गीझर साधारण १० किलोवॉटचा, म्हणजे शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम. मिनिटाला १३ ग्रॅम गॅस, त्याला ४७ ग्रॅम ऑक्सिजन. बाथरूम पाच बाय सात, आठ फूट उंच धरू. म्हणजे ८ घनमीटर हवा, आणि त्यात सुमारे २ किलो ऑक्सिजन. सगळं घट्ट बंद असेल तर दहा मिनिटांत पावणेपाचशे ग्रॅम ऑक्सिजन संपला. २१ टक्क्यांवरून १६ वर. नववी_ब बाईंची मेणबत्ती इथे विझली असती.

गीझर मात्र तेवढ्यावर शहाणपणाने विझत नाही. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की त्याचं ज्वलन बिघडू लागतं, कार्बनला दोन ऑक्सिजन मिळायच्या ऐवजी एकच मिळतो, आणि कार्बन मोनॉक्साइड वाढत जातो. पाणी गरमच येत राहतं. दाराखालची फट, गळकी खिडकी यांनी थोडी हवा आत येते, म्हणून रोज काही होत नाही. मग एखाद्या थंडीच्या दिवशी कोणीतरी वारा लागतो म्हणून फटीला फडकं लावतं.

गीझर बाहेर, उघड्या बाल्कनीत किंवा डक्टकडे, आणि आत फक्त गरम पाण्याची नळी. यात तडजोड नाही. "फक्त पाच मिनिटं वापरतो" असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर तेच.

खडूस_पेठकर | रात्री ९:४०

एक प्रश्न, आणि या वेळी खडूसपणा नाही. आमच्या लहानपणी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असायची. दारं-खिडक्या बंद, निखारे, त्यावर ओवा-शेपा. धूर म्हणावा तर अगदी थोडा. कोळशावर मात्र निळ्या जिभा नाचायच्या, मला त्या बघायला आवडायचं. निळी ज्योत म्हणजे पूर्ण ज्वलन, असं वर ठरलंय. मग ते सुरक्षित होतं का?

बर्नरवाला | रात्री १०:२०

नव्हतं. आणि प्रश्न फार चांगला आहे.

कोळशाच्या थराच्या तळाशी हवा भरपूर, तिथे कार्बन डायऑक्साइड होतो. तो वरच्या लालभडक निखाऱ्यांतून जाताना आणखी एक कार्बन उचलतो आणि त्याचे कार्बन मोनॉक्साइडचे दोन रेणू होतात. ते वर येऊन ताज्या हवेत जळतात, त्या तुमच्या निळ्या जिभा. म्हणजे निळ्या जिभा दिसतात तोवर निदान काही भाग तरी जळतोय. शेगडी निवत आली, जिभा मावळल्या, नुसते मंद निखारे उरले, की तो न जळता खोलीत पसरतो. लोक नेमकं तेव्हाच म्हणतात, आता धूर नाही, दार लावून घ्या. जुन्या घरांत कौलांच्या फटी, भिंतीतले झरोके होते, म्हणून निभावलं. स्लॅबच्या घरात, सरकत्या काचांच्या आत, तसं करू नका. गाड्यावरून आणलेली कणसं भाजायची छोटी शेगडीसुद्धा बंद खोलीत नको.

धूर दिसतो म्हणून माणूस खोकत बाहेर तरी पळतो.

आजी_ऑनलाईन | रात्री १०:३५

माझ्या धाकट्या जावेला दुसऱ्या बाळंतपणात अशीच घेरी आली होती. सगळे दृष्ट काढत बसले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या टाकायला दार उघडलं आणि ती दोन मिनिटांत शुद्धीवर आली. मीठ-मोहऱ्यांचा गुण म्हणून आम्ही पन्नास वर्षं सांगतोय.

फक्त_वाचक | रात्री १०:३७

आजी _/\_

गच्चीवरचा_गॅस | १४ डिसेंबर, सकाळी ८:००

थोडं वेगळं. आमच्या गच्चीवर खरकट्यावर चालणारं बायोगॅसचं छोटं संयंत्र आहे. पुण्यातल्याच आरती या संस्थेने बसवलेल्या पद्धतीचं, त्यांना या कामासाठी २००६ साली अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला होता. ज्योत इतकी फिकी निळी की दिवसा पेटलंय की नाही तेच कळत नाही, एकदा हात भाजला. पण चहाला वेळ लागतो. का?

बर्नरवाला | सकाळी ८:४५

बायोगॅसमध्ये मिथेन साधारण साठ टक्के, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो आधीच जळून मोकळा झालेला माल. जळत तर नाहीच, वर फुकट तापून निघून जातो. एखाद्या लग्नात वऱ्हाडाबरोबर आलेली, काम न करणारी मंडळी असतात तशी. पेटलंय का बघायला हात नका नेऊ, ज्योतीच्या बरंच वर स्टीलची गार वाटी धरा. ओलसर झाली की पेटलंय.

निसर्गमित्र_वारजे | सकाळी ९:३०

म्हणजे पूर्ण ज्वलन झालं की प्रदूषण शून्य, बरोबर?

बर्नरवाला | सकाळी ९:४२

नाही. कार्बन डायऑक्साइड आहेच. शिवाय हवेतला ७८ टक्के नायट्रोजन तसा शांत बसतो, पण ज्योत फार तापली की तोही थोडा ऑक्सिजनशी जोडला जातो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं होतात. चांगल्या निळ्या ज्योतीलाही खिडकी लागतेच. आणि सोसायटीचा रखवालदार सकाळी पालापाचोळा पेटवतो ते तर ज्वलनच नव्हे, आजींच्या भाषेत नुसतं धुमसणं. थंडीत जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे तो धूर वर न जाता आपल्याच खिडक्यांत येतो.

कर्वेनगरची_मी | १४ डिसेंबर, रात्री ८:५०

अहवाल देते.

डावा बर्नर काढला. नळीत वाळकी जाळी आणि त्यात एक मेलेला कोळी. घासून, उन्हात वाळवून बसवला. आता निळी ज्योत, भांडं स्वच्छ.

मग स्टीलच्या वाटीत बर्फाचं पाणी घालून चिमट्याने ज्योतीच्या वर धरली. थेंब धरले, ते बशीत झटकले. पाच वेळा केल्यावर बशीत अर्धा चमचा पाणी जमलं. सासूबाईंना दाखवलं आणि हे सिलिंडरमधून आलंय म्हणून सांगितलं. त्यांनी बशी नाकाजवळ नेली, वास घेतला, म्हणाल्या, "म्हणजे सिलिंडरवाला पाणी घालून देतो."

आणि आमचा गीझर बाथरूमच्या आत आहे. घरमालकांना कालचे दोन्ही प्रतिसाद पाठवले. ते म्हणाले इतकी वर्षं काही झालं नाही. मी त्यांना दहा मिनिटांचा हिशोब कागदावर लिहून पाठवला, तर दीड तासाने उत्तर आलं: "प्लंबर उद्या अकराला येईल." तोवर आंघोळी बादलीत, पाणी नव्या पातेल्यात तापवून.

खडूस_पेठकर | रात्री ९:०५

उद्या अकराला म्हणजे कुठल्या महिन्यातल्या, ते विचारून घ्या.

आजी_ऑनलाईन | रात्री ९:१२

बंब हवा असेल तर आमचा माळ्यावर पडलाय. कल्हई करून घ्यावी लागेल. पण बाल्कनीत ठेवायचा हो, आणि राख रोज काढायची.